खदानमायचा पहिला गोटा

९ एप्रिल १९८२

दुपारच्या सुरुंगाचा दगड हिरामणच्या तोंडावर बसला. किसननं बत्ती दिली, शिट्टी मारली, सगळे लिंबाखाली पळाले. हिरामण बिडी पेटवायला थांबला. जबडा एका बाजूला लोंबत होता, दात मातीत. मी माझ्या डोक्याचा शेला सोडला आणि त्याच्या हनुवटीपासून टाळूपर्यंत आवळून बांधला. मेलेल्या माणसाचं बांधतात तसं. तो नुसता डोळ्यांनी विचारत होता. म्हटलं, "दुखते ना बावा? मंग जिता आहेस."

आपला पोरगा विन्या ट्रॅक्टर घेऊन तिथंच होता. भरलेली गिट्टी जागीच ओतली, हिरामणला ट्रॉलीत घातलं आणि सेलूच्या रस्त्यानं धूळ उडवत गेला. पोरगं तोंडाचं तिखट आहे, पण अशा वेळी डगमगत नाही.

लिहायला लाज वाटते, पण इथं खोटं लिहून कोणाला दाखवायचं आहे. रक्ताचे हात धूत होतो आणि नजर फुटलेल्या दरडीवर गेली. काळ्या दगडात माणूस वाकून आत जाईल एवढं तोंड पडलेलं. आत अंधार, अंधारात काहीतरी चमकलं. किसननंही पाहिलं. बत्तीवाला तो, त्याच्या नजरेतून काय सुटणार.

"काका, आज नोको. आज रक्त सांडलं. उद्या हात घालू."

एवढी मोठी पोकळी या खदानीत मी पाहिलेली नाही. जेवण गेलं नाही. हिरामणमुळे की पोकळीमुळे, देव जाणे.

१० एप्रिल

उन्हं यायच्या आत टेकडीवर. ठेकेदार आधीच आलेला, सोबत मुंबईचा शेठ. हा शेठ सिंदी मेघेत खोली घेऊन राहतो, खदानी खदानी फिरून पोकळ्यांतले चांगले चमकते गोटे उचलतो आणि परदेशात पाठवतो. त्याच्या बुटांना धूळ लागत नाही, कसं करतो कोण जाणे.

रीत ठरलेली. पोकळी फुटली की बत्तीवाला हात धुतो, डोळे मिटतो, आत हात घालतो. हाताला जो गोटा पहिला सुटून येईल तो खदानमायचा. चांगला असो की भंगार. चाचपून निवडायचं नाही, डोळे उघडायचे नाहीत. त्यानंतर मग ठेकेदाराचं, मजुरांचं, आणि उरलंसुरलं माझ्यासारख्या गोटेवेड्याचं.

किसननं हात घातला खांद्यापर्यंत. थोडा वेळ गेला. हात बाहेर आला तसे सगळे पुढं सरकले. नारळाएवढा गोटा. पांढऱ्या सुयांचं फुललेलं बोंड, जणू आत्ताच उललेला कापूस, आणि मधोमध हिरव्या पाण्याचे दोन चौकोनी खडे. एकही सुई मोडलेली नाही. साठी उलटली माझी, असा पाहिला नव्हता.

शेठ ओरडला, "ये नहीं, ये नहीं! देवीला दुसरा काढा. देवीला काय फरक पडतो?"

किसन म्हणाला, "देवीले नाई पडत शेठ. मले पडते. हात माहा आहे."

ठेकेदारानं त्याच्या कानाखाली वाजवली. पुन्हा वाजवली. ओठ फुटला, रक्त दाढीवर आलं. किसननं गोटा पोटाशी धरला होता तो हलू दिला नाही. मजुरांनी सब्बला उचलल्या तेव्हा ठेकेदार मागं सरला. शेठनं रुमालानं कपाळ पुसलं.

मायचा कोनाडा जुन्या दरडीत. एकेकाळी छातीच्या उंचीवर होता. खाली खाली खणत गेले तशी माय वर वर गेली. आता दोर बांधल्याशिवाय जाता येत नाही, आणि दोरावर एकटा किसन चढतो, दर अमावस्येला तेल-शेंदूर करायला. या खदानीतल्या प्रत्येक पोकळीचा पहिला गोटा तिथं बसलेला आहे. मी किती वर्षं खालून मान वर करून पाहत आलो.

ओल्या कापसात गुंडाळून, पाठीला बांधून त्यानं तो वर नेला. सुयांवर शेंदूर ओतला तेव्हा मी मान खाली घातली. पण मायचा झाला. आता जीव लावायचा नाही.

१२ एप्रिल

वाटपात डोकी फुटली. शब्दशः. आतला एक हिरवा खडा कोणाचा, यावरून दोघं सख्खे भाऊ घनाच्या दांड्यानं एकमेकांवर तुटून पडले. धाकट्याच्या कपाळाची कातडी डोळ्यावर उतरली. खडा त्या झटापटीत पायाखाली आला आणि चुरा झाला. मग दोघंही त्या चुऱ्यापाशी बसून रडले. मी हळद आणि चुन्याची पट्टी लावली. आणखी काय करणार.

मला एक लहान सुईगोटा मिळाला, टोकं मोडलेला. घरी कोठीत कुटाराच्या भुशात ठेवला, बाकीच्यांसोबत. माझी कोठी पाहून पाहुणे हसतात. लोकांच्या कोठीत ज्वारी, माझ्या कोठीत दगड. चौथी शिकलेला माणूस मी. वर्ध्याच्या रद्दीवाल्याकडे एक फाटकं पुस्तक मिळालं होतं, त्यातली चित्रं पाहून पाहून नावं पाठ केली. नावं विसरलो तरी गोटे ओळखू येतात.

जेवताना विन्या म्हणाला, "बाबा, तुमच्या गोट्यायनं या घराले काय देलं?"

सौ. म्हणाली, "झाडायचं काम देलं. रोज झाडते मी." आणि हसली. विन्या हसला नाही.

१५ एप्रिल

शेठ घरी आला. सौ.नं चहा ठेवला. शेठनं कोठीतले गोटे पाहिले, दोन-तीन हातात घेतले, खाली ठेवले. मग खिशातून मलमलीत गुंडाळलेला एक खडा काढला. गर्द हिरवा, एवढासा, पण असा हिरवा की उन्हाळ्यात डोळे गार व्हावे. म्हणाला, हा आफ्रिकेतल्या वाळवंटातला. तिथं मैलोन्‌मैल झाड नाही, पाणी नाही, नुसती रेती आणि रेतीखाली तांब्याच्या खाणी, त्या खाणींत हे. माझ्या तळहातावर ठेवला. मूठ आपोआप मिटली, खोटं कशाला बोलू.

मग आला मुद्द्यावर. किसनला समजवा. तुमचं ऐकतो. तो वरचा गोटा खाली आणा, हा हिरवा तुमचा.

मी म्हटलं, "शेठजी, तो गोटा आता गोटा नाई राह्यला."

त्याला कळलं नाही. खडा परत घेतला, मलमलीत बांधला.

विन्या दारात उभा होता. त्यानंच विचारलं, "तिकडं ट्रॅक्टर-ट्रक चालवाले मानसं लागत असतीन ना?" शेठ म्हणाला, ड्रायव्हरला तर सोन्याचा भाव. विन्या त्याला जीपपर्यंत सोडायला गेला. बराच वेळ बोलत होते. बरं वाटलं मला, पोरगं चार माणसांशी बोलते म्हणून.

२३ एप्रिल, अमावस्या

डाव्या हातानं लिहितो आहे. उजवं मनगट भाकरीसारखं फुगलं.

सकाळी किसन तेलाची बाटली कमरेला बांधून दोर चढला. वर पोचला आणि नुसता उभा राहिला. खालून आम्ही वाट पाहतो. मग त्यानं हाक दिली, ती अजून कानात आहे. "काका... माय उघडी आहे."

सगळे गोटे गेलेले. नवा, जुने, एकूण एक. शेंदराची वर्तुळं तेवढी उरलेली.

लोकांनी दोराकडे पाहिलं. मग मागून कोणीतरी, "चढते कोन? एकटाच चढते ना थो!"

झालं. खालून दोराला हिसका दिला. किसन गोणीसारखा पडला. उठायच्या आत लाथा. दांडे. कोणी बरगडीत, कोणी तोंडावर. ज्यांच्या पोरांच्या बारशाला तो जेवला ते. मी आडवा झालो त्याच्या अंगावर, म्हटलं, "मले मारा, मले मारा आधी," तर कोणीतरी मनगटावर दांडा घातला आणि पाय धरून बाजूला ओढलं. म्हातारा म्हणून हळू ओढलं, तेवढी माणुसकी.

मग कोणीतरी म्हणालं, ज्या हातानं मायचं नेलं तो हात. चौघांनी त्याचा उजवा हात दगडावर धरला. घन ज्याच्या हातात होता तो माझा पोरगा.

"विन्या! पोरा, नोको!"

त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. पाहिलं, आणि मारला.

दगड फुटायचा आवाज मी जन्मभर ऐकतो आहे. हा तो नव्हता.

२४ एप्रिल

वर्ध्याच्या दवाखान्यात हात मनगटापासून काढला. राहण्यासारखं काही नव्हतं म्हणे.

किसनची बायको गिरजा बाहेर फरशीवर बसलेली. रडत नव्हती. म्हणाली, "काका, यायले मी कालपरवा आंब्याचं लोनचं देलं होतं. सगळ्यायच्या घरी." एवढंच पुन्हा पुन्हा.

घरी आलो. विन्या जेवत होता. ताट उचलून फेकावं वाटलं. उजवा हात चालत नव्हता.

"सगळ्यायनं मारलं," तो म्हणाला. "मी एकट्यानं नाई."

२९ एप्रिल

किसनला भेटलो. डोळ्याभोवती निळं, दोन बरगड्या मोडलेल्या. पोलीस येऊन गेला. ह्यानं सांगितलं, पाय घसरला, वरून दगड हातावर आला. एकाचंही नाव नाही. "काऊन रे?" तर म्हणाला, "काका, लेकरं आपल्या हिंगणी गावातच आहेत ना माही."

मग मनगटाच्या पट्टीकडे पाहत, "हात नाई, पन जाते अजून आत. पोकळीत. ओलं लागते बोटायले."

मी त्याचा उरलेला हात धरून बसलो. माझ्या विन्याचं नाव त्यानं काढलं नाही. मीही नाही. आम्हा दोघांनाही ठाऊक, घन कोणाच्या हातात होता.

एक बोलला मात्र. "मी चोर नाई, हे तुमाले तं मालूम आहे ना?"

"मालूम आहे बेटा."

"मंग बस."

२ मे

खदानीवर गेलो. लोक माझ्याशी बोलतात, नजर देत नाहीत. काम चालूच. बत्ती आता दुसरा कोणी देतो, नवशिका. परवाचा एक सुरुंग उशिरा उडाला आणि पाणीवाल्या बाईचा घडा हातातच फुटला. ती वाचली.

कोनाड्याखाली जाऊन उभा राहिलो. जुनीच सवय, मान वर. आणि दरडीवर, कोनाड्याच्या जरा खाली, एक आडवा ओरखडा दिसला. दगडावर निळा रंग. नवा. लोखंडी काठ घासल्यासारखा.

ट्रॉली मागं कलवली की तिचा पुढचा काठ केवढा वर जातो, ते मी रोज पाहतो. गिट्टी ओततात तेव्हा. त्या काठावर उभं राहिलं तर दोर लागत नाही.

खदानीवर निळ्या ट्रॉल्या तीन आहेत. तीन आहेत, असं मी दिवसभर स्वतःला सांगत राहिलो.

४ मे

सिंदी मेघेला गेलो. शेठच्या खोलीला कुलूप. घरमालकीण म्हातारी, माझ्याच वयाची, कापसाच्या वाती वळत बसली होती. म्हणाली, गेला थो अमावस्येच्या आदल्या दिवशी, पेट्या भरून. तिनं खोली उघडून दाखवली. जमिनीवर कुटार सांडलेलं, रॉकेलचा वास, आणि भिंतीला शेंदराची बोटं पुसलेली. रॉकेलनं तेल निघते. सुयांच्या बुडाशी गेलेला शेंदूर निघत नाही. तो तसाच मुंबईला गेला असेल.

म्हटलं, "बाई, सोबत कोणी होतं का मदतीले?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसली. "तुमचंच पोरगं ना थे? बाप्पा, किती तुमच्यावर गेलं! हेच नाक, हीच उंची. दोन दिवस पेट्या बांधत होतं. जाताना माह्या पाया पडलं. गुणी आहे हो."

मी म्हटलं, "हो. गुणी आहे."

तिनं गुळाचा खडा आणि पाणी दिलं. पाणी प्यालो. परतीच्या एसटीत उभा राहिलो, बसायची जागा असून.

७ मे

तीन दिवस थांबलो. का, ते लिहीत नाही. आज दुपारी तो ट्रॅक्टरखाली ग्रीस भरत होता. म्हटलं, "विन्या, सिंदी मेघेतली म्हातारी तुझी लय तारीफ करून राह्यली होती."

ट्रॅक्टरखाली त्याचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"कायले गेलते तुमी तिकडं?"

मी त्याला पायाला धरून बाहेर ओढलं आणि डाव्या हातातली काठी घातली. पाठीवर, खांद्यावर, जिथं बसेल तिथं. लहानपणीसुद्धा ज्याला चापट मारली नाही त्याला. त्यानं हात वर केला नाही. काठी मोडली तेव्हा मी थांबलो, मनानं नव्हे.

"किसनचा हात तू फोडला. तुले मालूम होतं त्यानं नेला नाई. तरी फोडला."

"मी घन नसता धरला तं सगळ्यायनं मले पायलं असतं. कोन मारून नाई राह्यला, थेच पायत होते लोक." तोंडात रक्त होतं त्याच्या. "शेठ मले तिकडं आफ्रिकेत नेणार आहे. खाणीवर, ड्रायव्हर म्हनून. कागदपत्रं करून राह्यला. अठी काय आहे मले? जिंदगीभर दुसऱ्याची गिट्टी?"

"मायचं होतं थे, विन्या."

तेव्हा तो हसला. त्या हसण्यानं मला काठीपेक्षा जास्त लागलं. "तुमी खालून मान वर करून पायत होते ना? मी एवढासा होतो तवापासून पायतो. मायले नोते पायत तुमी, बाबा. गोट्यायले पायत होते. तुमची हिंमत झाली नाई, माही झाली. तेवढाच फरक."

सौ. ओसरीत उभी होती, सगळं ऐकलेलं. आली आणि पोराच्या तोंडात एक ठेवून दिली, असा आवाज झाला की बैल बिचकले. मग तिथंच खाली बसली आणि पदरानं त्याचा ओठ पुसू लागली.

१५ मे

घरात तीन माणसं, तिघंही पाहुण्यासारखी. सौ. म्हणते, "गप राहा. एक हात गेला. आता पोटच्या पोराचा देता का?" मी म्हणतो, गप कसं राहू. ती म्हणते, "मंग मी काय करू, ते सांगा. मी कोनाकडं पाहू?" मी कोठीत जाऊन बसतो.

शेठचं पत्र नाही, निरोप नाही. येणारही नाही, हे विन्याला कळलं आहे. दिवसभर ट्रॅक्टरवर बसतो, रात्री जेवत नाही.

आज दुपारी खदानीवर गिरजाचे भाऊ आले, आंजीहून, चौघं, कुऱ्हाडी घेऊन. "आमचा जवाई चोर नाई. चोर कोन थे सांगा, नाई तं एकेकाले पायतो." मजूर सब्बला घेऊन उतरले. एकाचा खांदा उघडा पडला, हाड दिसलं. आंजीवाल्यांपैकी धाकट्याच्या डोक्यात दगड बसला, बेशुद्ध. ठेकेदार जीप घेऊन पळाला. मी दोन्हीकडच्यांच्या मध्ये गेलो, पायात पाय अडकून पडलो. म्हातारपणाचा उपयोग झाला, हसले कोणीतरी आणि जोर ओसरला.

मग बसून बोलणं झालं. ठरलं असं की येत्या अमावस्येला सगळ्यांनी मायच्या दरडीला हात लावून, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "मी नेलं नाई." ज्याच्या तोंडून निघणार नाही तो चोर. खदानीची जुनी रीत आहे ही. मायसमोर खोटं तोंडातून निघतच नाही म्हणतात.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "हिरामण शेठच्या खोलीवर दिसलता." हिरामण दवापाण्याची मदत मागायला गेलेला, हे मला ठाऊक. पण त्याच्या जबड्याला अजून तार आहे. त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. अमावस्येलाही निघणार नाही.

सगळे त्याच्याकडे वळले. तो हातवारे करत होता, घशातून आवाज काढत होता. तो आवाज ऐकून लोकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी किसनच्या वेळी पाहिलं आहे.

१७ मे

विन्याला म्हटलं, "हिरामणले नेला होतास ना तू दवाखान्यात? त्या दिवशी?"

"हो."

"आता त्याचा हात जाईल."

तो बादली उचलून बैलांना पाणी पाजायला गेला. बैलांनी पिऊन झालं तरी तिथंच उभा.

१९ मे

आंजीला गेलो. किसनला दवाखान्यातून सुट्टी मिळाली, सासरी आहे. नवतपा, नऊ कडक उन्हाचे दिवस, तोंडावर, पत्र्याखाली बसवत नव्हतं, तरी गिरजानं माझ्यासाठी ताकाचा गडू ठेवला होता. लेकरं खेळत होती. धाकटी बापाचं रिकामं मनगट ओढणीनं बांधत होती, बाहुलीला बांधावं तसं.

किसन म्हणाला, "अमावस्येले मले बलावलं आहे. म्हंतात, तुह्या हाताचा हिशोब तू कर. हिरामणचा हात दगडावर ठेवून देतो आमी. घन तुह्या डाव्या हातात."

"आणि तू?"

"मले काय मालूम, काका. रात्री झोप नाई येत. दुखते थे एक. आन वाटते, कोनाचा तरी फोडला पायजे." माझ्याकडे पाहिलं. "तुमी सांगा. हिरामणनं नेलं असन का? तुमी सांगान थे मी खरं मानतो. दुसऱ्या कोनाचं नाई."

ताकाचा गडू माझ्या हातात होता. तो खाली ठेवला. म्हटलं, "हिरामणनं नाई नेलं."

"मंग कोनं?"

लेकरू मध्ये आलं, बापाच्या मांडीवर चढलं. मी उठलो. म्हटलं, "अमावस्येले येतो. तवा सांगतो." त्यानं अडवलं नाही. दारापर्यंत आला. म्हणाला, "काका, उन्हाचं जाता, डोक्याले बांधा काही." स्वतःचा दुपट्टा दिला. एका हातानं बांधता येईना, तर मी खाली वाकलो आणि त्यानं दातात टोक धरून बांधून दिला.

रस्त्यानं दुपट्टा सोडावासा वाटला. सोडला नाही.

२२ मे

विन्याला सांगितलं. सौ.समोर सांगितलं, मागून नाही. "उद्या मी खदानीवर जाणार. तुझं नाव घेणार. तू सोबत असलास तर तुझ्या तोंडून निघू दे, नसलास तर माझ्या."

सौ. भिंतीकडे तोंड करून बसली.

"मारतीन मले," विन्या म्हणाला.

"मारतीन."

"हात फोडतीन. नाई तं जीवच घेतीन."

"मी पुढं राहीन. आधी माझ्या अंगावर घेईन."

"थांबतीन का थे तुमच्यासाठी? मागच्या वेळी थांबले का? मी थांबलो का?"

"नाई थांबला तू."

"मंग?"

त्याच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "मंग दोघंही तिथं असू."

तो मातीत काडीनं काहीतरी कोरत बसला. मग विचारलं, "किसन तिथं असन?"

"घन त्याच्याच हातात देणार आहेत."

"डाव्या?"

"डाव्या."

त्यानं काडी मोडली.

२३ मे, अमावस्या

उन्हं वर आली. सगळे जमले असतील. हिरामणला सकाळीच घरून धरून नेलं, शेजारचा सांगत आला. जाताना त्याची म्हातारी रस्त्यावर लोळली म्हणे.

सौ.नं भाकरी बांधून दिल्या, दोघांच्या. गाठ मारताना हात थांबला, तिसरी पण घातली. कोणासाठी, विचारलं नाही.

विन्या आंघोळ करून आला. धुतलेला सदरा घातला. माझ्या पाया पडला नाही, आईच्या पडला. मला म्हणाला, "मी ट्रॅक्टर काढतो. तुमी या."

म्हटलं, पायी जाऊ. नको म्हणाला, उशीर होईल.

फाटकातून डावीकडे वळलं की टेकडी. उजवीकडे वळलं की सेलूचा रस्ता, पुढं नागपूर, पुढं कुठंही. मी अडवणार नाही. अडवायला गेलो तर तो माझा निर्णय होईल, त्याचा नाही. हे शहाणपण आहे की भेकडपणा, आता विचार करायला वेळ नाही. तो गेला तरी मी जाणारच आहे, पायी, आणि नाव घेणार आहे. हिरामणचा हात वाचेल. बाकीचं मला दिसत नाही.

बूट सापडत नव्हते, तोवर हे चार शब्द.

इंजिन लागलं. सौ. दारात उभी आहे. तिचं तोंड दिसत नाही, पाठ दिसते. ट्रॉलीची साखळी वाजली. फाटकापाशी आवाज हळू झाला. वळायला हळू करावंच लागते, दोन्हीकडे.

थांबला. बंद केला नाही, वळलाही नाही, नुसता उभा आहे, इंजिन चालू. सौ.नं मागं वळून माझ्याकडे पाहिलं.

उठतो.